हा पेशंट कोणाचा?

पत्र

ताई, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९९४ पासून माझा दवाखाना आहे. मी एमबीबीएस. एके काळी रोज शंभरावर पेशंट असत, रात्री-अपरात्री मोटारसायकलवर व्हिजिटला जायचो, भाऊबंदकीच्या भांडणातसुद्धा लोक मला मध्ये घालायचे. आता साध्या तापालाही माणसं जळगाव, नाशिक, नाहीतर सुरत गाठतात. माझ्याकडे येतात ती तिकडची फाईल दाखवायला किंवा बीपी मोजून घ्यायला. रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे फोटो येतात. विम्याच्या ऑफिसातला मुलगा फोनवर मला विचारतो, पेशंट ॲडमिट का केला. मुलगी पुण्यात मेडिसिनमध्ये एमडी करते आहे. ती म्हणते, बाबा, एकट्याचा दवाखाना आता संपला. त्यातच एका हॉस्पिटल समूहाचा प्रस्ताव आला आहे. जागा माझी, पाटी त्यांची, मला ठरलेला पगार, आणि दरमहा ठरावीक पेशंट त्यांच्या मोठ्या हॉस्पिटलला गेले पाहिजेत. सही करू का? वय ५७ आहे. डॉक्टर म्हणून आपलं काम नेमकं काय उरलं, तेच कळेनासं झालंय. परवा एक जुने पेशंट फाईल घेऊन आले. एकच औषध दोन नावांनी लिहिलेलं होतं. एक काढलं, चक्कर थांबली. बस, असली किरकोळ कामं करत बसलोय.

– एक डॉक्टर, जळगाव जिल्हा

उत्तर

भाऊ,

तुमचं पत्र सहा पानांचं होतं, इथे थोडक्यात छापलं आहे. प्रश्न सरळ विचारलात, म्हणून उत्तरही आधीच देते. त्या कागदावर सही करू नका. कारण पुढे सांगतेच, पण आधी त्या फाईलबद्दल बोलायचं आहे. सहा पानांत तिला तुम्ही तीन ओळी दिल्यात आणि ‘किरकोळ’ म्हणून मोकळे झालात. मीही डॉक्टरच, त्या तीन ओळींवरच अडकले, म्हणून तुम्हाला फोन करून सगळा तपशील विचारला. पेशंटची ओळख कळणार नाही अशा बेताने तो इथे लिहिते आहे.

तापीकाठच्या एका गावचे ७१ वर्षांचे केळीचे बागायतदार. नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांनी टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध आणि पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी असं जोड औषध दिलं. जळगावला शुगरसाठी जिथे जातात, तिथल्या डॉक्टरांनी बीपी जास्त दिसलं म्हणून टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाची जोडगोळी दिली, तिचं नाव वेगळं. प्रोस्टेटसाठी तिसऱ्या डॉक्टरांनी टॅमसुलोसिन सुरू केलं. या औषधानेही उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. बाबा सकाळी साडेसहाला बागेत जायचे, ठिबकच्या नळ्या साफ करायला खाली बसायचे आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. महिना मे, पारा ४४ च्या वर, घाम वाहतोय, वरून पाण्याची गोळी. मुलाने मानेचा एक्स-रे काढला होता. मेंदूचा एमआरआय काढायचं चाललं होतं.

तुम्ही काय केलंत? बसवून बीपी मोजलं, १२८/७८. मग उभं करून दोन मिनिटांनी मोजलं, ९६/६०. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने उतरला तरी आपण त्याची दखल घेतो, इथे ३२ ने उतरला होता. तुम्ही गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचलीत, तेच औषध दोनदा चाललंय हे पाहिलंत, नाशिकला फोन लावून हृदयरोगतज्ज्ञांशी बोललात आणि मग एक टेल्मिसार्टन व पाण्याची गोळी बंद केलीत. (हे वाचून कोणी आपल्या गोळ्या स्वतःच बंद करू नका. आधी उभं राहून बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना विचारा.)

त्या तिन्ही डॉक्टरांची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर होती. एकाने हृदय पाहिलं, एकाने शुगर, एकाने लघवी. बाबा मात्र बांधावर पडले असते तर खुब्याचं हाड मोडलं असतं, आणि ७१ व्या वर्षी खुबा मोडला की पुढे घरात काय काय होतं, ते तुम्ही-मी पुष्कळदा पाहिलं आहे. हे काम किरकोळ असेल तर डॉक्टरकीत मोठं काम कुठलं, ते मला सांगा.

आता तुमच्या दुखण्याकडे येते. ते खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. डॉक्टरची जागा बदलली आहे, आणि ती आपल्या दोघांच्या डोळ्यांदेखत बदलली.

माझ्या लहानपणी धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक एलसीपीएस डॉक्टर बसत, म्हणजे एमबीबीएसपेक्षा छोटा अभ्यासक्रम केलेले. लाल मिक्स्चरची बाटली, तिला डोस कळावा म्हणून कातरीने नक्षी कापून चिकटवलेली कागदाची पट्टी, कंपाउंडर, आणि भिंतीवर दत्ताची तसबीर. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने देशात एकाच प्रकारचा, पूर्ण शिकलेला ‘बेसिक’ डॉक्टर हवा असं सांगितलं आणि एलसीपीएससारखे छोटे अभ्यासक्रम पुढे बंद झाले. त्याच समितीला असा डॉक्टर हवा होता, जो गावाच्या आरोग्याकडे पाहील, नुसत्या आजाराकडे नाही. आपल्याला पदवी मिळाली, तो दुसरा भाग बराचसा कागदावर राहिला. तरीही त्या एलसीपीएस डॉक्टरांकडे आणि नंतर तुमच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, गावात इतर कोणाला नसलेली माहिती. दोन, माणसांची ओळख. लोक तुमच्या पाया पडायचे ते पहिलीमुळे, असं तुम्हाला वाटत आलं. म्हणून आज माहिती प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये गेल्यावर आपलं सगळंच गेलं असं वाटतं. ओळख मात्र तुमच्याकडेच आहे. त्या बाबांना मे महिन्यात बागेत किती घाम येतो, हे नाशिकच्या एसी केबिनमधून दिसत नाही.

माहिती आपल्या हातून गेली याचं मला फारसं वाईट वाटत नाही. आपल्या पिढीने तिचा वापर नेहमी चांगला केला, असं मी म्हणणार नाही. नव्वदच्या दशकात साक्री तालुक्यातली एक बाई माझ्या वॉर्डात होती. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, पुढे गेलेला. मी तिच्या दिराला सांगितलं, भावाला सांगितलं, तिला सांगितलं नाही. तेव्हा तसंच करत असू. जायच्या आधी चार दिवस ती मला म्हणाली, ‘माले कोनीच सांगं नही.’ तिला धाकट्या मुलीचं लग्न डोळ्यांनी पाहायचं होतं. आधी कळलं असतं तर तिने ते दिवाळीतच उरकलं असतं. आज पेशंट मोबाईल पुढे करून विचारतो, मॅडम, या औषधाने किडनी जाते का, तेव्हा मला ती बाई आठवते आणि मी बसून उत्तर देते. प्रश्न विचारणारा पेशंट आपला अपमान करत नसतो.

कोर्टानेही हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते असा निकाल दिला. आपले कितीतरी सहकारी त्या दिवशी म्हणाले, आता आपण किराणा दुकानदार झालो. तेव्हापासून संमतिपत्रं आली, नोंदी नीट ठेवायची सवय लागली, आणि भीतीपोटी तपासण्याही वाढल्या. तिन्ही गोष्टी एकाच दारातून आत आल्या. पहिल्या दोन मला हव्याच होत्या.

मग पैसे देणारा बदलला. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार. पुढे २०१७ ला ती महात्मा फुले योजना झाली, २०१८ ला आयुष्मान भारत आली, आणि आता मर्यादा पाच लाख आहे. शेत गहाण न टाकता बायपास झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्या योजनेबद्दल कोणी वाईट बोललं तर मी भांडते. पण तेव्हापासून टेबलावर तिसरी खुर्ची आली, हेही खरं. आधी पेशंट आणि डॉक्टर दोघंच बोलायचे. आता मध्ये योजनेचा आरोग्यमित्र आहे, प्री-ऑथ म्हणजे उपचाराआधीची मंजुरी आहे, ठरलेल्या रकमेचं पॅकेज आहे, खासगी विम्यात टीपीए म्हणजे दावे तपासणारी मधली संस्था आहे. तुम्हाला फोन करणारा तो मुलगा त्या तिसऱ्या खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. ॲडमिट का केला, हे दोन ओळींत स्पष्ट लिहा: ऑक्सिजन किती, बीपी किती, घरी का ठेवता येत नाही. माझा अनुभव असा की अशा दोन ओळी असल्या की निम्मे फोन येतच नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी एक मुलगा किंवा मुलगी पगारावर ठेवा आणि तुम्ही पेशंटकडे बघा.

एका गोष्टीवर तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहून पुढे गेलात: हल्ली भीतीही वाटते. मार्च २०१७ मध्ये धुळ्यातल्या सरकारी रुग्णालयात एका तरुण निवासी डॉक्टरला जमावाने मारलं, त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. डोक्याला मार लागलेला पेशंट आला होता आणि तिथे न्यूरोसर्जन नव्हता, दुसरीकडे न्या असं त्याने सांगितलं होतं. त्यानंतर राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम बंद केलं. राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. कायदा हवाच. पण मला त्या घटनेतली वेगळी गोष्ट अजून टोचते. न्यूरोसर्जनची जागा भरणं त्या पोराच्या हातात नव्हतं. व्यवस्थेची सगळी उणीव समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर आली. आजच्या डॉक्टरच्या कामात झालेला हा सगळ्यात कठीण बदल आहे. जिच्यावर त्याचा ताबा नाही त्या यंत्रणेचा तो चेहरा झाला आहे. तुमच्या दवाखान्यात पाटी दुसऱ्याची लागली की तुम्हीही तेच व्हाल. बिल किती हे ते ठरवतील आणि बिलावरून चिडलेला नातेवाईक तुमच्या टेबलावर हात आपटेल, कारण तो गेली तीस वर्षं तुम्हाला ओळखतो.

म्हणून सही नको. दुसरं कारण अधिक साधं आहे. ‘दरमहा ठरावीक पेशंट गेले पाहिजेत’ या अटीला पगार बांधला की त्याला आपल्या भाषेत कट, म्हणजे कमिशन, म्हणतात, कागद कितीही गुळगुळीत असो. पेशंट पाठवण्याबद्दल मोबदला घेणं किंवा देणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट मना आहे. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. आठवड्यातून दोन दिवस त्यांच्या ओपीडीत ठरलेल्या मानधनावर बसा म्हणाले आणि पेशंटच्या आकड्याची अट काढली, तर बसा. त्यात काही गैर नाही. जागा आणि पाटी देऊ नका.

आता, ओळखीची किंमत आहे हे मी म्हातारपणाच्या मायेने म्हणत नाही. नॉर्वेत प्रत्येक माणसाच्या नावे एक ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांची माहिती पाहून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्या लोकांना, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, अवेळी तातडीची सेवा घ्यावी लागण्याची आणि हॉस्पिटलात भरती होण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास कमी होती, आणि मृत्यूची सुमारे पंचवीस टक्के कमी. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण इतका फरक दाखवणारी गोळी बाजारात आली असती तर तिचे प्रतिनिधी तुमच्या दवाखान्याबाहेर रांग लावून उभे राहिले असते. तुमच्या गावात अशी पंधरा वर्षांहून जास्त ओळखीची किती माणसं आहेत? एक वही घ्या आणि नावं लिहायला लागा. दोन दिवस पुरणार नाहीत.

बोलण्याचंही तसंच. १९७५ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी ओपीडीतल्या ८० नव्या पेशंटचा हिशेब मांडला. ६६ जणांत शेवटचं निदान तेच निघालं, जे नुसती हकीकत ऐकून केलं होतं. तपासणीने आणि लॅबने प्रत्येकी सात जणांत ते बदललं. आज यंत्रं कितीतरी पुढे गेली आहेत, छातीचा एक्स-रे एआय वाचतं, आणि ते चांगलंच आहे. पण हकीकत ऐकून घ्यायला समोर कोणीतरी थांबायला हवं. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला पेशंटचं बोलणं तोडत होते. मीही तोडत असे. आपल्याकडे शंभर पेशंटच्या ओपीडीत दुसरं काय होणार? म्हणून गर्दी कमी झाल्याचं दुःख तुम्ही करता, तेव्हा मला वाटतं, आता कुठे तुम्हाला ऐकायला वेळ मिळाला आहे.

एक घरची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना एका मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ठेवलं होतं. न्यूमोनिया होता. तिसऱ्या रात्री ते असंबद्ध बोलू लागले, सलाईन ओढून काढू लागले. न्यूरोचे डॉक्टर येऊन गेले, छातीचे आले, हृदयाचे आले, किडनीचे आले. प्रत्येकाने आपली तपासणी लिहिली. एमआरआय झाला, नॉर्मल आला. मी बाहेरच्या बाकावर बसलेली. चौथ्या दिवशी ड्यूटीवरच्या मुलाला विचारलं, ‘बाळा, हा पेशंट कोणाचा?’ तो चांगला मुलगा होता, थकलेला होता. म्हणाला, ‘मॅडम, सगळेच बघतात.’

त्या संध्याकाळी धुळ्याहून आमच्या घरच्या डॉक्टरांचा फोन आला. तुमच्यासारखेच एमबीबीएस, आमच्याच गल्लीतले. सगळं ऐकून म्हणाले, ‘ताई, झोपेची गोळी देताहेत का? हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी ती दिली होती, तेव्हा साहेब दोन रात्री असेच बरळले होते.’ चार्ट पाहिला. पहिल्या रात्रीपासून सुरू होती. बंद केली, दोन दिवसांत ते शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते चहाबद्दल. मी स्वतः फिजिशियन, हर्नियाच्या वेळी त्यांच्या उशाशी बसलेली, आणि मला ते आठवलं नव्हतं. त्या चार दिवसांत मी डॉक्टर राहिलेच नव्हते. त्या मोठ्या रुग्णालयात कोणी हयगय केली असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी आपलं काम केलं, पण त्यांना पूर्वीपासून ओळखणारं तिथे कोणी नव्हतं.

तुमचं उरलेलं काम हे आहे. फाईल पंधरा ठिकाणी फिरते, तिचा धनी तुम्ही व्हायचं.

ते कसं करायचं, ते मला सुचेल तसं सांगते. बुधवार आणि शनिवारची दुपार फक्त फाईल वाचण्यासाठी ठेवा. वेळ आधी ठरवून घ्यायची, एका पेशंटला अर्धा तास, सोबत घरचं एक माणूस आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या. आयुर्वेदिक, मेडिकलवाल्याने दिलेल्या, शेजारणीने सुचवलेल्या, सगळ्या. ‘डाक्टर, हाई फाईल जरा देखी ल्या’ म्हणत दारात उभ्या राहिलेल्या माणसाला तुम्ही आजवर दोन मिनिटांत आणि फुकट वाटेला लावलंत, म्हणून त्या कामाला किंमत राहिली नाही. तीनशे रुपये घ्या आणि मनात संकोच ठेवू नका. नाशिकला जाण्या-येण्याचं भाडं, तिथली फी आणि बुडालेली मजुरी धरली तर लोक याहून पुष्कळ जास्त घालवतात. ज्याची ऐपत नाही, तो तुम्हाला माहीतच आहे.

त्या अर्ध्या तासातून एक कागद निघाला पाहिजे, एका पानाचा. आजार कोणते, ऑपरेशनं कोणती आणि कधी, कोणतं औषध सोसत नाही, आणि आज चालू असलेल्या गोळ्या मूळ औषधाच्या नावाने, सकाळ-दुपार-रात्र अशा, मराठीत, ठळक अक्षरात. खाली तुमची सही आणि तारीख. पेशंटने तो खिशात ठेवायचा, फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये. गावात कुंडली प्रत्येकाच्या ट्रंकेत असते, ही त्याच्या शरीराची कुंडली. पुढच्या स्पेशालिस्टने पहिलं पान हे पाहावं. आणि तुम्ही पेशंट पाठवाल तेव्हा नुसतं कार्ड देऊ नका, पत्र लिहा: मला काय दिसलं, मला काय हवं, आणि पेशंट परत माझ्याकडे पाठवा. सुरुवातीला चारातले तीन उत्तर देणार नाहीत. फोन करा. वर्षभरात नाशिक-जळगावचे चार-पाच जण असे सापडतील की तुमचं पत्र दिसलं की ते पेशंटला वेगळ्या तऱ्हेने बघतील.

व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर पाटी लावा. छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं याला मेसेज नाही, सरळ १०८. बाकीचं संध्याकाळी सात ते आठ. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात फोनवरच्या सल्ल्याचीही नोंद ठेवायला सांगितली आहे. ती ठेवा. साडेअकराला आलेल्या फोटोला सकाळी उत्तर दिलं म्हणून कोणी तुमच्यावर रुसणार नाही. रुसला तर चार दिवसांनी येईल.

आणि एकट्याने करू नका. नंदुरबारच्या डोंगरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या शिबिरांना मी जात असे, तिथे मला हे शिकायला मिळालं. धडगावकडच्या पाड्यावरच्या एका मुलाला दर दोन-तीन महिन्यांनी सांध्यांत असह्य कळा यायच्या. मी या कळा कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू केलं, रक्त वेळोवेळी तपासायला हवं म्हणून कार्डावर तारखा लिहिल्या. तरी कळा येतच राहिल्या. डोस वाढवावा का, असा विचार चालला होता. तिथल्या आशाताई म्हणाल्या, ‘मॅडम, दिवाळीनंतर हे लोक गुजरातला ऊसतोडीला जातात. गोळ्या तिकडे संपतात.’ माझ्या केसपेपरवर ते कुठेच नव्हतं. मग निघायच्या आधीच रक्त तपासून जास्तीच्या गोळ्या द्यायचं, आणि तिकडे जवळ कुठे रक्त तपासून मिळेल ते शोधून ठेवायचं ठरलं. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आहे, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. त्याचा सगळा भार आशाताईंवर, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांवर आणि लॅबच्या मुलांवर आहे. फिजिशियन त्यांच्यातला एक. तुमच्याही गावात आशा आहेत, नर्सताई आहेत, बीएएमएस झालेली तरुण मुलं आहेत. बीपीची नोंद, शुगरची नोंद, कोण आलं नाही त्याला फोन, हे त्यांना शिकवा आणि त्यांच्यावर सोपवा. त्यांच्याकडे स्पर्धक म्हणून बघू नका.

लेकीबद्दल थोडंच लिहिते, कारण तिचं आयुष्य तिचं आहे. ती म्हणते ते अर्धं बरोबर आहे. एकट्याचा, चोवीस तासांचा, कागदी वहीचा दवाखाना तुमच्यानंतर चालणार नाही आणि चालू नये. तिने तुमच्यासारखं रात्रीबेरात्री मोटारसायकलवर फिरावं असं मलाही वाटत नाही. तिला ‘माझा दवाखाना सांभाळ’ म्हणू नका. सुट्टीवर येईल तेव्हा एका बुधवारी शेजारी खुर्ची टाकून बसवा आणि काही समजावू नका. फाईली तिला वाचू द्या. संगणकावर नोंदी कशा ठेवायच्या, ते तिच्याकडून शिका. पुढे तिने पुण्यात राहून महिन्यातून दोनदा तुमच्या अवघड पेशंटशी व्हिडिओवर बोलायचं ठरवलं, तरी तुमच्या गावाला एक फिजिशियन मिळाली. आणि एमडी झाल्यावर ती परत आली तर तिच्या अटींवर येऊ द्या. पाटी नवी असेल, वेळ नऊ ते पाच असेल, फी वेगळी असेल. तुम्हाला खटकेल. बोलू नका.

समूहाच्या माणसाला या आठवड्यात लेखी नकार कळवा, गोड शब्दांत. पहिल्या बुधवारी केळीवाल्या बाबांनाच बोलवा, त्यांचं एका पानाचं काम आधी करा. प्रोस्टेटची गोळी रात्री झोपताना घेताहेत का तेही विचारा. आणि मृगाचा पाऊस पडून उकाडा उतरला की त्यांचं बीपी पुन्हा एकदा बसून आणि उभं करून मोजा. पाण्याची गोळी परत लागेल की नाही, ते त्या दिवशी कळेल. काय आकडा आला, ते मला कळवा.